सुध्याच्या बँडबद्दल माझं मत

रत्नागिरीतले आम्ही जुने मित्र भेटलो की विषय कुठलाही निघो, गाडी सुध्याच्या बँडवर येतेच. ऐंशीनंतरची गोष्ट, कॅसेटचा जमाना. गिटारवर सुध्या, ड्रमवर अन्वर, आणि श्रोता मी. एवढाच पसारा! सुध्याला चाल नको, ध्रुपद नको. "पुढे काय येणार हे लोकांना कळलं की आपण हरलो!" मला मात्र ते मनापासून आवडायचं.

*

तालीम आंब्याच्या पेट्यांच्या खोलीत. ड्रम म्हणजे अन्वरच्या मामांची मासळीची रिकामी पिंपं. पहिल्याच दिवशी दारात चार मांजरं! अन्वर खूश. "हाउसफुल!"

"अरे, ती वासानं आल्येत," मी म्हटलं.

"येऊ देत. गाण्यानं थांबतील!"

पहिला ठोका पडला आणि श्रोता पुन्हा मी एकटा!

*

सुध्याचे वडील नाना, भजनातले माणूस. एकदा ओटीवर बसून सगळं शांतपणे ऐकलंन. सुध्यानं घाबरत विचारलं, "कसं वाटलं?"

"दोघंही छान वाजवता रे. पण आधी आपसातलं भांडण मिटवा!"

*

गणपतीत आमच्या आळीत कार्यक्रम मिळाला. सुरू होतोय तोच लाइट गेले. गिटार मुकी, अंधारात अन्वर एकटाच पिंपं बडवतोय. लाइट आले, सुध्या जीव तोडून वाजवायला लागला. पुढच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "बाळा, मघाचं ते लाइट गेल्यावरचं गाणं म्हण ना!"

*

मग एका साप्ताहिकात मी माझं मत छापून आणलं. 'हा बँड एकदा ऐकलेला माणूस पुन्हा पूर्वीसारखा राहत नाही!'

दुसऱ्या दिवशी सुध्याची आई काळजीनं माझ्याकडे. "का रे, नक्की काय होतं माणसाला?"

*

आणि मोहनचं लग्न! तो आमचा मित्र. लग्न संगमेश्वरजवळच्या गावात. मुहूर्त जवळ आला आणि निरोप आला, बँडवाल्यांची गाडी वाटेत बंद पडली. मोहनचे वडील तात्या रडकुंडीला आले. "वाजंत्र्यांशिवाय नवरा मांडवात नेऊ?"

सुध्या म्हणाला, "तात्या, आम्ही वाजवू?"

"काहीही वाजवा, पण वाजवा!"

अन्वरनं आचाऱ्याकडचा तेलाचा डबा गळ्यात अडकवला, सुध्यानं पातेल्यांची दोन झाकणं घेतली. त्यांच्या वाजवण्यात मध्येच एकदम शांतता यायची. ती आली की अख्खी मिरवणूक जागच्या जागी थांबायची! नवऱ्याचा एक पाय वर, करवलीचा हात हवेत. पुन्हा 'धाड' झालं की सगळे हसत, नाचत पुढे. तात्यांचा फेटा कधीच सुटलेला!

शेवटी मांडव आला. व्याही आत्ता कुठे आतून बाहेर येत होते. तात्या एकदम वळले.

"व्याह्यांनी काहीच बघितलं नाही! चला, सगळे मागे! पहिल्यापासून!"

भटजी ओरडले, "अहो, मुहूर्त टळेल!"

"मग पुढचा शोधा!" तात्या म्हणाले. "अन्वर, मार रे!"