कमान दबली नाही

तुमच्या सदरात लोक पिंपळाखालचे, पडक्या विहिरीजवळचे अनुभव लिहितात. मी ते वाचतो आणि पान उलटतो. खरं सांगायचं तर माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता… आजही फारसा नाही. मी मेकॅनिक माणूस. जन्म गाड्यांच्या खाली आडवा पडून गेला. गाडी कुरकुरते तर त्याला कारण असतं, आणि ते हाताला लागेपर्यंत मी हात धुवायला उठत नसे. पण एका गाडीपुढं मी हरलो. तेवढंच लिहितो. यात रात्र नाही, स्मशान नाही. सगळं भर दिवसा झालं.

हे पन्नासच्या दशकातलं. आपला जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. वर्ध्याहून हिंगणघाटकडे निघालं की गाव संपतं तिथं आमचं टिनाचं गॅरेज होतं. मागं दोन खोल्यांचं घर. घरात माझा मोठा भाऊ – मी त्याला दादा म्हणायचो – त्याची बायको म्हणजे माझी वहिनी, त्यांच्या दोन लहान मुली आणि मी. आई-वडील लवकर गेले. दादानंच मला वाढवलं आणि हातात पाना दिला तोही त्यानंच.

आमच्याकडं यायचे ते ट्रक आणि जुन्या बसगाड्या. अशात एक दिवस गोपालबाबूंची गाडी आली. गोपालबाबू जिनिंग फॅक्टरीवाल्या घरातले, तिशीचे, अंगानं चांगले भरलेले. विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी ती घेतली होती. हिरवी, लांब नाकाची, दोनच माणसं बसतील अशी, आणि जमिनीला इतकी टेकलेली की आमच्या रस्त्यांवर ती चालवणं म्हणजे तिचे हालच. अशी गाडी गुळगुळीत सडकेवर ताशी शंभर मैल पळायला बनवतात. गोपालबाबू ती नाल्यातून पळवायचे. मागची उजवी कमान – म्हणजे एकावर एक लोखंडी पाटे रचलेली स्प्रिंग – तिचा मुख्य पाटा मधोमध तुटला होता.

तसला पाटा मुंबईतही मिळेना. मग दादानं ट्रकचा पाटा कापून, ओळखीच्या लोहाराच्या भट्टीत तापवून, वाकवून, पाणी देऊन नवा केला. तो बसवल्यावर एक टेस्ट करावी लागते. कमान फार कडक झाली तर गाडी दगडासारखी आपटते, फार नरम झाली तर लोळते. म्हणून सीटवर माणूस बसवायचा आणि गाडी किती दबते ते पाहायचं. मी चाकाशी उकिडवा बसून मडगार्डला बांबूची काडी लावायचो, त्यावर खुणा असायच्या. दादा बसला. गाडी दोन बोटं दबली. अगदी बरोबर.

गोपालबाबू म्हणाले, "हटो मिस्त्री, माझी गाडी, मी बसून पाहतो."

ते बसले. काडीवरची खूण हलली नाही.

मला वाटलं, माझंच लक्ष नव्हतं. त्यांना उतरायला सांगितलं, परत बसवलं. जड माणूस, धपकन बसला… आणि गाडी जशीच्या तशी. दादा बसला की दबायची. ते बसले की नाही. मी खाली शिरून, कमान गाडीला जोडणारे शॅकल पाहिले, पाट्यांना ग्रीस लावलं. काही अडकलं नव्हतं.

"काय, आम्ही हवा खाऊन जगतो का?" गोपालबाबू हसले, आणि गाडी घेऊन गेले.

त्याच आठवड्यात ते गेले. गाडीत नाही. घरी जेवता जेवता पानावर कोसळले. आम्ही हळहळलो. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध लावायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. कशाला येईल?

त्यांच्या वडलांना ती गाडी डोळ्यांसमोर नको होती. त्यांनी ती आमच्याकडं पाठवली – दुरुस्त करा आणि गिऱ्हाईक लागलं की विका. बरेच महिने ती ताडपत्रीखाली पडून राहिली. मग नागपूरचे एक गृहस्थ घ्यायला तयार झाले, पण गाडी डावीकडं झुकते म्हणाले. म्हणून आम्ही डावी कमान उतरवली, तिचेही पाटे भट्टीत घालून पुन्हा वाकवले, परत चढवली. दुपारची वेळ होती. दादा डाव्या सीटवर बसला. मी काडी धरली.

खूण हलली नाही.

मी काडी काढून पुन्हा लावली. पण दादानं माझ्याकडं पाहिलं होतं.

"काऊन रे? सांगत काऊन नाई?"

"कमान जाम हाय, दादा. उतर."

मी बसलो, काडी त्यानं धरली. दोन बोटं. आम्ही सरकीचं पोतं आणून सीटवर ठेवलं. दबली. पोतं काढून तो बसला. नाही. मी अख्खी कमान पुन्हा खोलली, पाटा न् पाटा घासला, नवं ग्रीस भरलं, सगळं चढवलं. तोवर उन्हं कलली होती. दादा पुन्हा बसला, आणि यावेळी त्यानं मला विचारलंही नाही. वाकून स्वतःच काडी पाहिली.

मग उठून चपला घातल्या. "चाल माह्यासंगं."

तो मला कापसाच्या बाजारात घेऊन गेला. तिथं गाठोडी तोलायचा मोठा काटा होता. काटेवाला ओळखीचा. दादा हसत हसत पारड्यात बसला, जणू गंमत चालली आहे. वजन पावणेदोन मण भरलं. नेहमीचंच.

परत येताना तो म्हणाला, "काटा तं बरोबर सांगून राह्यला."

"मंग झालं तं. गाडीच खराब हाय."

"हौ." थोडं चालल्यावर म्हणाला, "घरी सांगू नोको."

दुसऱ्या दिवसापासून मी त्याला लोखंडाला हात लावू दिला नाही. ट्रकखाली जाऊ दिलं नाही. समुद्रपूरला बहिणीकडं जाणार होता, तर बसनं जायचं नाही म्हणून मी रुसून बसलो. तो ऐकायचा. बाजेवर बसून मुलींच्या वेण्या घालायचा. वहिनी हसायच्या, "आज कारखान्याले सुट्टी हाय का?" त्यानं मला एकदाच विचारलं, "गोपालबाबूले किती दिवस भेटले होते रे?" मी म्हटलं, ध्यानात नाही. माझ्या पक्कं ध्यानात होतं, आणि ते त्यालाही कळलं.

घरामागं बाभळीच्या वाळल्या फांद्यांचं कुंपण होतं. बकरीनं एक फांदी ओढली, ती नीट करायला दादा अनवाणी गेला. टाचेत काटा रुतला. त्यानं उपटून टाकला, वरून हळद लावली, मला सांगितलंसुद्धा नाही. आठ-दहा दिवसांनी सकाळी चहा प्यायला बसला तर तोंड उघडेना.

दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाहताक्षणी धनुर्वात सांगितला. ज्यांनी तो रोग पाहिला नाही त्यांनी पाहूही नये. कपाची किणकिण झाली तरी त्याचं अंग ताठायचं आणि टाच अन् डोकं एवढंच गादीला टेकायचं. मधलं शरीर कमानीसारखं वर. मी त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवून भार द्यायचो… ते खाली जायचं नाही. डोळे मात्र शुद्धीतले होते. ते माझ्यावरच असायचे. काही सांगायचं असेल तर सांगता आलं नाही.

तेरवी झाल्यावर मी वहिनींना सगळं सांगितलं. काटेवाल्याकडून त्यांच्या कानावर थोडं आलंच होतं. त्या ऐकत राहिल्या.  दादा गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या. बायका म्हणायच्या, हिला रडवा.

नागपूरचा माणूस गाडी न्यायला येणार होता. सकाळी मी ताडपत्री काढून गाडी पुसत होतो, तर वहिनी शेडमध्ये आल्या. सहसा त्या शेडमध्ये येत नसत.

"भाऊजी, काडी घ्या."

"कायले, वयनी?"

"घ्या तं."

मी नको म्हटलं. हात जोडले. म्हटलं, पोरींकडं पाहा. त्यांनी दार उघडलं, लुगडं सावरलं आणि डाव्या सीटवर बसल्या. दादाच्याच जागी. मी पाठ फिरवली होती.

"पाहा," त्या म्हणाल्या. "मले मालूम पडू द्या."

मी चाकाशी बसलो. काडी मडगार्डला लावली. किती वेळ खूण दिसेचना. मग दिसली.

"दबली?"

"दबली, वयनी."

मला वाटलं, त्यांना धीर येईल. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि समोरच्या काचेतून रस्त्याकडं पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे मले आता लय दिवस काढा लागतीन." आणि तेव्हा रडायला लागल्या. दादा गेल्यानंतर पहिल्यांदा.

दुपारी गाडी गेली. त्या गृहस्थांची कधी तक्रार आली नाही.

पुढं मी एका इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांना हे विचारलं. भला माणूस, नीट ऐकून घेतलं. म्हणाले, पाटे एकमेकांना चिकटतात, कधी कधी भार पडूनही कमान हलत नाही. खरं आहे, मीही पाहिलंय. पण चिकटलेल्या कमानीला दादा कोण आणि मी कोण हे कसं कळावं?   आजवर मला याचा उलगडा झालेला नाही, आणि आता या वयात होईल असं वाटत नाही.

वहिनी मात्र खरंच खूप जगल्या. दोन्ही मुलींची लग्नं केली, नातवंडं पाहिली. धाकटी मुलगी त्यांच्या आधी गेली, तेही पाहिलं. शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. मी जवळ बसलो की कधी कधी डोळे उघडायच्या आणि विचारायच्या,

"भाऊजी, थे गाडी कुठं असन आता?"