धुऱ्यावरची लो किक

सांगलीहून गोंदियाला निघालो तेव्हा घरी, क्लासमध्ये आणि स्वतःलाही मी एकच कारण सांगितलं होतं: लो किकचा अभ्यास. लो किक म्हणजे समोरच्याच्या मांडीवर किंवा पोटरीवर मारायची लाथ. आमच्या कराटेच्या स्पर्धांत ती चालत नाही. तायक्वांदोत कमरेखाली पाय लागला की पंच दंड देतात. थाई बॉक्सिंगचा मात्र निम्मा संसार तिच्यावरच चालतो. पंचवीस वर्षं कराटे शिकवून पन्नाशीला आलेल्या माणसाने एवढ्यासाठी महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला जावं, हे बायकोला काही पटलं नाही.

"गोंदियात कोण आहे?" तिने विचारलं.

"प्रज्ञा. देवरीला असते."

त्यावर तिने डब्यात दोन दशम्या जास्त घातल्या.

प्रज्ञा २००२ साली मामाकडे राहून सांगलीत शिकत होती आणि माझ्या क्लासला यायची. एका स्पर्धेत तिचा गुडघा गेला. ती गावी परतली, आणि मी तिला एकदाही फोन केला नाही. नऊ वर्षांनी, दिवाळीच्या सुमारास, तिचाच आला. "सर, मी इथे मुलींना लो किक शिकवते. एकदा येऊन बघा." आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्तच भीती वाटली. चोवीस तासांहून लांबच्या त्या प्रवासात पहिलं वाक्य काय बोलायचं, याच्या मी बऱ्याच तालमी केल्या. एकही जमली नाही.

गोंदियाला उतरलो. शहर हिंदी बोलतं. पोह्यांवर तर्री (चण्याचा झणझणीत रस्सा) ओतणारा गाडीवाला "भैया, और डालूँ क्या?" विचारत होता, मी मराठीत "बास" म्हणत होतो आणि तो ओततच होता. नाक पुसत पुसत मी तिवारी सरांचा हॉल गाठला. हे प्रज्ञाच्या ओळखीचे, रायपूरला थाई पद्धत शिकून आलेले, जाडजूड आणि हसरे गृहस्थ.

"आम्ही पायाच्या पंजाने मारतो आणि लगेच मागे घेतो," मी म्हणालो.

"हम नडगी से मारते हैं. और वापस नहीं लेते, पार कर देते हैं." त्यांनी कंबर वळवून दाखवली. कुऱ्हाड चालवताना वळते तशी ती सगळीच्या सगळी वळली. मग म्हणाले, "मास्टरजी, बताने से समझ में नहीं आएगा. खड़े हो जाइए."

उभा राहिलो. त्यांनी अगदी सावकाश लाथ मारली. इतक्या वर्षांच्या सवयीने माझा हात आपोआप खाली गेला, पाय मात्र खांबासारखा जागेवर रोवलेला. नडगी मांडीवर बसली आणि मी मॅटवर.

"अरे, हाथ कायको नीचे लाया आपने? पैर उठाना था न."

हॉलमधली पोरं हसली. मला हसू आलं नाही, कारण प्रज्ञाचंही नेमकं हेच झालं होतं. किकबॉक्सिंगची नवी स्पर्धा होती, लो किकला परवानगी होती, आणि आमच्या क्लासला कधीच पदक मिळालं नव्हतं. तीन आठवड्यांत मी तिला लाथ मारायला शिकवली. घ्यायची कशी, ते शिकवलंच नाही, कारण मलाच येत नव्हतं. कराटेत खालचा वार हाताने अडवतात, एवढंच मला ठाऊक. रिंगच्या कोपऱ्यात बसून मीच ओरडत होतो, "हात खाली, हात खाली." तिने ऐकलं. सगळं वजन पुढच्या पायावर, पाय ताठ, आणि प्रतिस्पर्ध्याची नडगी गुडघ्याच्या बाजूवर. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला होता.

लंगडतच देवरीची बस पकडली. आमगाव मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना धानाची कापणी दिसू लागली आणि पुढे जंगल दाटत गेलं. कंडक्टर माझ्या पायाकडे बघत होता.

"काऊन लंगडून राहिले जी?"

"लाथ लागली."

"बैलाची?"

"मास्तराची."

त्याने थोडा विचार केला आणि पुढच्या सीटवरच्या माणसाला उठवून मला बसवलं.

प्रज्ञा स्टँडवर आली होती. आता तिशीची, केस बारीक कापलेले. चालताना उजवा पाय किंचित मागे राहत होता. मी सबंध रस्ता त्या पायाकडेच बघत चाललो आणि बोललो ते पीकपाण्याबद्दल.

घरी तिची आई नुकतीच शेतावरून आली होती. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुमीच का जी ते सर?"

"हो."

"मंग बसा. जेवून घ्या आदी."

भात, वरण आणि लाखोरीचे वडे होते (लाखोरी ही इकडे धानानंतर त्याच शेतात होणारी डाळ). जेवण झाल्यावर तिने मोहाच्या बियांच्या तेलाची बाटली माझ्यापुढे ठेवली. "लावा पायाले. पोरीच्या गुडघ्याले सहा महिने हेच लावलं मी."

आता बोलायलाच हवं होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "वडे छान झालेत." स्वतःची इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल.

सकाळी आम्ही बांधीवर (धानाच्या शेतावर) गेलो. कापणी झालेली, खाली धानाचे टोचरे खुंट, मधून वीतभर रुंदीचा धुरा (शेताचा बांध). मोहाच्या झाडाला तणसाने (धानाच्या पेंढ्याने) भरलेलं पोतं बांधलेलं. बारा मुली आल्या, शाळेच्या गणवेशाच्या पँटी दुमडून, आणि एकेक करून धुऱ्यावर एका पायावर उभ्या राहिल्या. दुसऱ्या पायाचा गुडघा वर, थोडा बाहेर वळलेला. समोरची नडगी आली तर मांडीवर किंवा गुडघ्यावर न बसता नडगीवरच बसेल, असा. तोल गेला की खुंटांवर.

"सहा महिने एवढंच," प्रज्ञा म्हणाली. "पोत्याजवळ त्यानंतर." मॅट नसल्याचं तिला जराही वाईट वाटत नव्हतं. धुऱ्यावर उभा राहिलेला पाय कुठेही उभा राहतो, असं तिचं म्हणणं.

मग तिने मुलींना गोल बसवलं आणि माझ्याकडे वळली. "सर, त्या दिवशी काय चुकलं, ते यांना सांगा. मी सांगते तर यांना वाटते, मीच कच्ची होती."

प्रवासात रचलेली वाक्यं आता कामाची उरली नाहीत. मी घडलं तसं सांगितलं: तीन आठवडे, कोपरा, माझं ओरडणं. पुढे बसलेल्या शीतल नावाच्या मुलीने सरळ विचारलं, "तुमालेच येत नव्हतं तं शिकवलं कायले?"

"पदक पाहिजे होतं," मी म्हणालो. "प्रज्ञा कच्ची नव्हती. मी सांगितलं तेच तिने केलं. चूक माझी होती, आणि नंतर फोनसुद्धा केला नाही, ती दुसरी." मग प्रज्ञाकडे बघून म्हणालो, "मला माफ कर."

ती पोत्याकडे बघत होती. डोळे भरले होते, माझेही. "नऊ वर्षं मी म्हणून राहिली सर, की माझाच पाय हलला नाही," ती म्हणाली. मग चेहरा पुसून शिक्षिकेच्या आवाजात मलाच, "चला, चढा धुऱ्यावर."

दोनदा मी खुंटांवर पडलो. तिसऱ्यांदा शीतलने सावकाश लाथ घातली आणि माझा हात जागेवर राहिला, पाय उचलला गेला. नडगीवर नडगी आपटली. कळ डोक्यात गेली, पण मी उभा होतो. मुलींनी टाळ्या वाजवल्या. निघताना प्रज्ञाच्या आईने तीच बाटली कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकली आणि म्हणाली, "अजून या जी." हे तिने कितपत मनापासून म्हटलं, ते मला कळलं नाही. पण मी जाणार आहे.

सांगलीत आता नव्या बॅचला पहिल्या दिवशी मी लाथ शिकवत नाही. प्रज्ञाच्या गुडघ्याची हकिकत सांगतो आणि त्यात माझी चूक माझ्याच तोंडाने सांगतो. पहिल्यांदा सांगितली तेव्हा दोन पालकांनी मुलं काढून घेतली, त्यांचंही काही चुकलं नाही. त्यानंतर मुलं एका पायावर उभी राहायला शिकतात, बाकी काही नाही.  आणि सहा महिन्यांनी पहिली लाथ समोर येते, तेव्हा एकाचाही हात खाली जात नाही. सगळ्यांचे पाय वर येतात.