कुंदाच्या कंट्रोलरची बॅटरी

डोळा लागतोय हे मला पंख्यावरून कळतं. त्याचा आवाज लांब लांब जायला लागतो, कुणीतरी तो उचलून शेजारच्या खोलीत नेत असल्यासारखा. वैशाखातली दुपार आहे. जेवण झालंय. खिडकीशी टेबलावर माझं सामान पसरलंय: सोल्डरिंगची गन, मल्टिमीटर, चिमटा, बारीक स्क्रू ठेवायची बशी. आणि मधोमध कुंदाचा गेमचा कंट्रोलर. त्याच्याकडे पाठ करून मी कॉटवर उजव्या कुशीला वळलोय.

सकाळी पल्लवीचा, आमच्या मुलीचा, पुण्याहून फोन होता.

"बाबा, काढली का ती बॅटरी?"

"काढतो."

"काढतो काढतो किती दिवस म्हणताय? अहो, फुगलेली बॅटरी घरात ठेवू नये, पेट घेते, हे तुम्हीच अख्ख्या चिपळूणला सांगता ना?"

सांगतो खरा. मी एसटीच्या डेपोत बॅटरीच्या कामाला होतो. बसच्या त्या थोराड बॅटऱ्या, त्यांचं पाणी बघायचं, चार्जिंगला लावायच्या, मेलेल्या बाजूला काढायच्या, यातच नोकरी गेली. निवृत्त झालो आणि दुसऱ्याच वर्षी कुंदाला अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, पण डावा हात लुळा राहिला. व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, बोटं हलती ठेवा, काहीही करा पण हलती ठेवा. तेव्हा जावयांनी त्यांचा जुना गेम आणून टीव्हीला जोडून दिला. गाड्यांच्या शर्यतीचा.

कुंदाला तो इतका आवडेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. ती गाडी अशी चालवायची की जशी काही मागे चाळीस माणसं बसली आहेत आणि घाट उतरायचाय. वळणावर वेग कमी. मागच्याला वाट. कायम शेवटचा नंबर. पण पोचायचीच. आणि पोचली की मला हाक मारायची, "अहो, आले बघा सुखरूप!"

त्या कंट्रोलरची बॅटरी जुनी होती, अर्ध्या शर्यतीत मान टाकायची. म्हणून मी तो उघडला. आतला सेल बघून हसूच आलं. हातभर लांबीच्या बॅटऱ्या उचलण्यात हयात गेली आणि हा एवढासा, काडेपेटीएवढा. नवा सेल मागवला, बसवला. मग शेजारच्या खेडेकर वहिनी त्यांच्या नातवाचा घेऊन आल्या, त्यांनी आणखी कुणाला सांगितलं, आणि घरबसल्या माझा हा उद्योगच झाला. कुंदा समोर बसायची. मी स्क्रू काढायचो, ती उजव्या हाताने कवच धरून ठेवायची.

कार्तिकात ती गेली. पहाटे, झोपेतच. आदल्या संध्याकाळी खेळून झाल्यावर तिने कंट्रोलर चार्जिंगला लावला होता, डाव्या हाताने, मला हात लावू न देता. ती वायर पुढे कधीतरी मी काढून ठेवली. तो मात्र कुणी वापरला नाही. उन्हाळा लागला तशी आतली बॅटरी फुगायला लागली. कवचाची फट आता नख जाईल एवढी रुंद झालीय.

आणि मी ती काढत नाही. कारण आतली वीज कुंदाने भरलेली आहे. सेल काढला की तीही गेली. हे पल्लवीला कसं सांगणार? कुणालाच सांगत नाही.

पंखा आता अगदीच लांब गेलाय.

"अहो, सरका थोडं."

मी सरकतो. कुंदा कॉटच्या काठावर टेकते. कॉट करकरते, म्हणजे वजन आहे. मी वळून बघत नाही. बघितलं आणि कुणी नसलं तर, असं वाटतं.

"चालत आलीस?" मी विचारतो.

"मग काय, मला रिक्षा कोण पाठवणार?"

मी वळतो. कुंदाच आहे. चष्मा नाही तिला, त्याची खूण तेवढी नाकावर आहे. हातात कंट्रोलर. ती तो कानाशी नेऊन हलवते, नारळ हलवून बघतात तसा.

"फुगलीय," ती म्हणते.

"माहितेय."

"तुमच्यासारख्या माणसाच्या घरात?"

मी उठून बसतो. पाय जमिनीला लागतात तर खाली आमच्या फरशा नाहीत, डेपोतली तेलकट फरशी आहे. ॲसिडचा आंबूस वास नाकात शिरतो. भिंतीशी मांडणीवर बसच्या बॅटऱ्या ओळीने उभ्या आहेत आणि प्रत्येकीवर आमच्या घरातली स्टीलची झाकणं ठेवलेली आहेत. कुंदा एकेक झाकण उचलून आत वाकून बघत पुढे जाते, डाळीतांदळाचे डबे बघावेत तशी.

"इथे तू कधी आली नव्हतीस," मी म्हणतो.

"तुम्ही कुठे आणलंत? शर्टाला भोकं पडायची ती इथलीच ना? रफू करून करून डोळे गेले माझे." एका झाकणावर हात ठेवून ती थांबते. "या एवढ्यांपैकी एक तरी बॅटरी तुम्ही घरी आणून ठेवलीत का? मेली की बाहेर. तुमचा नियम."

"त्या बसच्या होत्या, कुंदा."

"आणि ही?"

कुठेतरी घंटी वाजते, डबल, आणि आम्ही बसमध्ये आहोत. कुंदा ड्रायव्हरच्या जागेवर. समोर स्टिअरिंग नाही. तिच्या दोन्ही हातांत कंट्रोलर आहे आणि दोन्ही अंगठे छान फिरतायत. बाकी बस रिकामी. बाहेर रस्ता गेममधला, गुळगुळीत, आणि दोन्ही बाजूंना आमची आळी. खेडेकर वहिनी अंगणात पापड वाळत घालतायत. मी खिडकीतून हात करतो. त्यांना दिसत नाही.

"हळू घे," मी म्हणतो.

"हळूच आहे. आयुष्यात कधी जोरात घेतली का?"

"कुठे चाललोय?"

"मी शेवटच्या स्टॉपला. तुम्ही आधी उतरणार."

"मी येतो ना शेवटपर्यंत."

ती आरशातून माझ्याकडे बघते. रागावली की बघायची तसं. पण रागावलेली नाही.

"पल्लवी फोन करते, तेव्हा तुम्ही तिला खोटं सांगता. काढतो म्हणता."

"काढली तर..." मी पुढच्या सीटचा दांडा धरतो. "तू भरून ठेवलीस ना ती त्या दिवशी. तुझं तेवढंच राहिलंय घरात चालू असलेलं. घड्याळ बंद पडलं तुझं. तुझा फोन पल्लवीने नेला. ही एकच आहे."

कुंदा हसायलाच लागते. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत.

"अहो, ती वीज बोर्डाची! खांबावरून आलेली. त्यात माझं काय आहे?"

मलाही हसू येतं आणि त्याच वेळी रडू येतं. दोन्हींतलं नक्की काय चाललंय ते कळत नाही. बस थांबलेली आहे. आम्ही आमच्याच टेबलाशी समोरासमोर बसलोय, नेहमीसारखे, खिडकीतून ऊन टेबलावर आलंय. फक्त टेबल बसच्या मधल्या वाटेत आहे.

"घ्या," ती म्हणते. "मी धरते."

ती कवच धरते. या वेळी डाव्या हाताने. मी स्क्रू सैल करतो. एकेक काढून बशीत टाकतो, त्यांचा टिण् टिण् आवाज होतो. कवच अलगद उचललं जातं. आत सेल टम्म फुगलेला, चांदीच्या रंगाचा.

"पोळी अशी फुगली तर आपण सुगरण म्हणतो," कुंदा म्हणते.

सेलची लाल आणि काळी वायर एका छोट्या पांढऱ्या पिनेत गेलेली आहे. ती पिन ओढली की झालं. चिमटा माझ्या हातात आहे. हात पुढे जात नाही.

"ओढा."

"नको गं."

"मी इथे आहे. ओढा."

"ओढली की तू जाशील."

"कोण म्हणालं?"

कुणीच म्हणालेलं नाही. मीच मनाशी धरून बसलोय, सहा महिने. मी डोळे मिटतो आणि पिन ओढतो. आवाज असा काही होत नाही. झुरळाने पाय हलवावा एवढा.

डोळे उघडायला मला खूप वेळ लागतो.

कुंदा समोर आहे. कवच तसंच धरून.

"बघा," ती हळूच म्हणते. "आहे ना?"

मी मान हलवतो.

ती उठून मागच्या दारी जाते. मी मागोमाग. आमच्या मागल्या अंगणात धुण्याचा दगड आहे, त्यावर ती पाठमोरी बसते. अंगावर हिरवी साडी आहे, नवी, घडीच्या रेघा न मोडलेली. ती साडी मी ओळखतो. तिला नेताना बायकांनी नेसवलेली. केस मोकळे आहेत, कमरेपर्यंत, आणि त्यांतून पाणी ठिबकतंय. दगड काळा झालाय ओलीने.

"न्हालीस?"

"त्याच दिवशीची न्हालेय. घाई होती सगळ्यांना. माणसं खोळंबली होती, ऊन चढत होतं. बायकांनी न्हाऊ घातलं आणि केस ओलेच बांधले." ती केसांवरून हात फिरवते. "तेव्हापासून वाळलेच नाहीत बघा."

मी दोरीवरचा पंचा ओढतो. तिच्या मागे बसतो आणि केस टिपायला लागतो, एकेक बट पंच्यात धरून, दाबून. हे मला येतं. झटका आल्यावर तिला वेणी घालता येईना, तेव्हा मीच घालायचो. वाकडी यायची. देवळात जाताना ती पदर डोक्यावरून घ्यायची आणि मला म्हणायची, ऊन लागतंय म्हणून घेतलाय हं.

"घालू वेणी?"

"नको. आज मोकळेच राहू देत."

पंचा जड होतो. मी पिळतो, पुन्हा टिपतो. पाणी कमी होत नाही आणि मला त्याची घाईही नाही. वहिनींच्या अंगणातले पापड वाऱ्याने हलतायत. शिकेकाईचा वास येतोय.

"तुझं काही दुखलं का गं? तेव्हा?" गेले सहा महिने मला एवढंच विचारायचंय.

ती विचार करते. भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवताना करायची तसा.

"कूस बदलायची होती," ती म्हणते. "तुम्हाला उठवावं म्हटलं. पण तुम्हाला इतकी गाढ झोप लागली होती. मग तशीच राहिले. दुखलं नाही काही."

मी पंचा तसाच धरून बसतो. ती मागे रेलते आणि तिचं डोकं माझ्या डाव्या खांद्यावर येतं. गार. केसांतलं पाणी शर्टातून आत उतरतं, थेट कातडीपर्यंत.

"पुन्हा येशील?"

"आत्ताच कुठे चाललेय? केस वाळले की जाईन."

"मग मी पुसतच नाही." मी पंचा बाजूला टाकतो.

ती हसते, तिचं हसू मला खांद्यातच कळतं. "तुम्ही पुसलं नाही म्हणून काय झालं? ऊन आहे की."

मी वर बघतो. ऊन खरंच आहे. मी हात आडवा धरतो, तिच्या डोक्यावर सावली पडावी म्हणून. हात पुरत नाही. उठून छत्री आणावी असं वाटतं, पण उठलो तर खांदा काढून घ्यावा लागेल. मी हात तसाच धरून ठेवतो. तो भरून येतो, दुखायला लागतो. कुठून तरी पंख्याचा आवाज यायला लागतो. मी त्याला नको म्हणतो. तो जवळ येत राहतो.

मी कॉटवर आहे. उजव्या कुशीवर, झोपलो तसाच. डावा हात वर, हवेत. मी तो खाली घेतो.

खिडकीतलं ऊन कललंय. टेबलावर सगळं जसंच्या तसं. कंट्रोलर मिटलेला, फट तेवढीच.

मग डाव्या खांद्याला गार लागतं. मी हात लावून बघतो. शर्ट ओला आहे. चांगला तळहाताएवढा, पिळला तर थेंब पडेल इतका. उशी चाचपतो, कोरडी. पाठ, मान, कपाळ, सगळं कोरडं. वर कौलाकडे बघतो. वैशाखात कसलं गळणार? डोळ्यांतलं म्हणावं तर कुशीवर झोपलेल्या माणसाचं पाणी वर चढून खांद्यावर कसं जाईल? मी शर्टाला नाक लावतो. वास असला तर फार थोडा आहे आणि मी तो ठरवायच्या भानगडीत पडत नाही.

उठून टेबलाशी बसतो. एका हाताने कवच धरून दुसऱ्या हाताने स्क्रू काढणं अवघड जातं, पण निघतात. पिन ओढतो. वायरच्या तोंडाला टेप लावतो. सेल पत्र्याच्या डब्यात वाळूत ठेवतो, डबा मागच्या दारी भिंतीपासून लांब नेतो आणि पल्लवीला फोन लावतो.

"काढली," मी म्हणतो.

ती म्हणते, "रडताय का बाबा?"

"नाही. झोपून उठलोय."

"जेवलात ना?"

"जेवलो. तुझी आई..." मी थांबतो. "काही नाही. रविवारी ये जमलं तर."

"येते," ती लगेच म्हणते. "येतेच."

फोन ठेवतो. शर्ट बदलत नाही. मागच्या अंगणात अजून चांगलं कडक ऊन आहे. मी खुर्ची उचलतो आणि आंब्याखाली, जिथे सावली सगळ्यात दाट आहे तिथे, नेऊन ठेवतो. ओला डावा खांदा उन्हाआड, खोडाकडे करून बसतो.