लेकीच्या मॅचचा भाव

फुटबॉलची मॅच कोण जिंकणार हे कोणीही सांगेल, कितीच्या फरकानं जिंकणार हे सांगण्यात खरी अक्कल, हे ज्ञान मला जबल अलीच्या वाटेवर मिळालं. इंटरनॅशनल सिटीतून आम्ही तिघं एकाच गाडीनं ऑफिसला जातो आणि आळीपाळीनं गाडी चालवतो. तिघांतला एक पुण्याचा अकाउंटंट. गोलफरकाचा हा बाजार त्यानंच आम्हाला शिकवला.

तो भाव काढायचा, समजा, "दोन-तीन". फरक याहून मोठा होईल असं वाटलं तर तीनला घ्यायचं, कमी होईल असं वाटलं तर दोनला विकायचं. तीनला घेतलं आणि फरक पाचचा झाला, की दोन गोल तुमचे. उलटं झालं, फरक एकचाच राहिला, तर दोन गोलांचा फटका. पैसे लावण्याची आमची छाती नव्हती, इथे आखातात जुगाराला बंदी, ते परवडणारंही नाही. आम्ही गाडीच्या पाळ्या लावायचो. एका गोलामागे एक पाळी. सकाळच्या त्या ट्रॅफिकमध्ये मागे बसून डुलकी काढायला मिळणं ही आमची चैन.

मला हे फारच लवकर जमलं. अशात माझ्या मुलीच्या शाळेची मॅच ठरली. ती गोलकीपर आहे. समोरची टीम तगडी होती, हे मी घरी ऐकलं होतं.

"बोला साहेब," अकाउंटंट गमतीनं म्हणाला, "तुमच्या लेकीची टीम कितीनं हरणार? दोन-तीन."

दुसरा कुठला बाप असता तर त्यानं विषय तिथेच खलास केला असता. मी म्हणालो, "तीनला घेतलं." वर शहाणपणही शिकवलं, की बाजारात भावना आणायच्या नसतात.

पहिले तीन गोल झाले तेव्हा मी बापच होतो. दर गोलानंतर ती जाळ्यातून बॉल काढायची आणि आधी माझ्याकडे बघायची. माझा जीव तुटत होता. मग चौथा आला. बॉल तिच्या हातांखालून आत गेला आणि माझी मूठ आपोआप आवळली गेली. पाचव्याला तर बॉल तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच मी मनात "जा, जा" म्हणत होतो. तो गेला, पाच-शून्य. मी हसलो. आणि तेवढ्यात तिनं वर बघितलं.

परतताना टॅक्सीत ती मागे माझ्या शेजारी बसली.

"बाबा, यू वेअर स्मायलिंग."

"तुला धीर देत होतो गं," मी म्हणालो. इतकं सफाईदार खोटं मला येतं हेही मला तेव्हाच कळलं.

"आय नो. एव्हरीवन एल्स लुक्ड सो सॅड." तिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. "नेक्स्ट मॅचलापण तिथेच उभा राहा. ओके?"

मी ओके म्हणालो. तिच्या नजरेला नजर द्यायची मला लाज वाटली.

सोमवारी खरं तर माझी पाळी होती. खाली अकाउंटंट किल्ली फिरवत उभा होता. "यल्ला, चला साहेब, दोन पाळ्या तुमच्या. झोपा आता." मला सांगायचं होतं, की मला त्या नकोत. पण मग का नकोत, हेही सांगावं लागलं असतं. मी मुकाट्यानं मागे जाऊन बसलो आणि जबल अलीपर्यंत डोळे मिटून घेतले.