आधी टकमक, मग एकेक काढ

“आधी टकमक पाह्य गा, मंग हात लाव!”

मशीनमध्ये टेप घातली की आमच्या ऑपरेटर बाई आम्हा शिकाऊ पोरांना हे म्हणायच्याच. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या नागपूरच्या कॉम्प्युटर सेंटरात युनिक्सचं एकच मशीन होतं आणि त्यावर राज्य बाईंचं. साहेब होते म्हणा, पण नावाला.

टेपवर फायली एकत्र बांधायला आणि सोडवायला तेव्हा एकेका अक्षराचा हुकूम असे. बाईंनी त्याचं मराठी करून टाकलं होतं. टी म्हणजे टकमक पाहा, आत काय आहे ते. एक्स म्हणजे एकेक काढ. सी म्हणजे साठव, पण साठवताना टेपवरचं जुनं सगळं जातं. बघा, खरे इंग्रजी अर्थ मला आजही आठवावे लागतात.

फायली दाबून लहान केलेल्या असल्या की दुसरा प्रश्न यायचा, “डिस्कवर जागा हाये का? साबुदान्यावानी फुगतीन ह्या!” साहेबांनी एकदा न विचारताच उघडल्या आणि मशीन ठप्प. पुढं कित्येक दिवस बाई चहाच्या वेळी त्यांना विचारायच्या, “साबुदाना भिजला का, सर?”

मग त्यांच्या निवृत्तीचा दिवस आला. गळ्यात हार पडला आणि तेवढ्यात संत्र्याच्या रोगावर पीएचडी करणारी एक मुलगी टेपवरच्या फायली काढून घ्यायला धावत आली. तिची सगळी मोजमापं त्या टेपवर, दुसरी प्रत नाही. “चला हो बाई, भाषणं सुरू करू!” साहेब ओरडले. घाईघाईत बाईंनी एक्सऐवजी सी दिला. टकमक राहूनच गेली.

टेपवरचं सगळं गेलं. बाईंनी हार काढून ठेवला.

“शेतातल्या नोंदीचे कागद हायेत का वं तुह्याजवळ?”

“आहेत मॅडम, पण ढीगभर आहेत.”

“असू दे. घेऊन ये.”

दुसऱ्या दिवसापासून बाई प्रताप नगरातल्या घरून रोज सेंटरात येऊ लागल्या. पगार नाही, काही नाही. मुलगी आकडे वाचायची, बाई भरायच्या. चेष्टामस्करी पार बंद. मला तर बघवत नसे.

काम संपलं तेव्हा मी नवी टेप लावली, साठवायचा तोच सीचा हुकूम टाईप केला. फक्त एंटर उरलं. बाईंनी हात पदराखाली घेतले.

“तूच दाब वं पोरी. माह्या हाताचा भरोसा नाही राह्यला.”

पोरगी ऐकेना. तिनं बाईंचा हात बाहेर ओढला, त्यांचं बोट एंटरवर ठेवलं आणि वरून आपलं बोट दाबलं. बाई हमसून हमसून रडल्या.

पोरीला डॉक्टरेट मिळाली. बाई मात्र सेंटरची पायरी पुन्हा चढल्या नाहीत.