तोंडात देव, टेबलावर मी

"तिन्ही नळ्या तुंबल्यात," डॉक्टर म्हणाले. ट्रिपल व्हेसल डिसीज. म्हणजे हृदयाला रक्त पोचवणाऱ्या तिन्ही मुख्य रक्तवाहिन्या बंद पडायच्या बेतात. मंद्रूपच्या बाजारात पोती उतरवून घेताना छातीत जळजळलं होतं. मी ते ॲसिडिटीवर ढकललं आणि सोडा पिऊन वर भजी खाल्ली. आता बायपास, म्हणजे पायातली शीर काढून हृदयावर नवा रस्ता जोडायचा.

सोलापूरच्या हॉस्पिटलात भरती झालो आणि माझं डोकं तापायला लागलं. आजारानं नाही, भेटायला येणाऱ्यांनी.

थोरला भाऊ सिद्रामअण्णा खुर्ची ओढून बसला आणि शेतात वडिलांच्या समाधीशेजारी जागा आहे असं सांगू लागला. आम्हा लिंगायतांत जाळत नाहीत. जन्मभर गळ्यात बाळगलेलं इष्टलिंग, म्हणजे आपलं छोटं शिवलिंग, हातात देऊन बसवून पुरतात. माणूस शिवात मिसळतो, पुन्हा जन्म नाही. उजवीकडच्या खाटेवर तेलुगू विणकर होता. त्याची बहीण म्हणाली, आमच्यात दहाव्याला कावळा शिवावा लागतो, नाहीतर जीव घुटमळतो. डावीकडचे चाचा म्हणाले, "हमारे में कबर में दो फरिश्ते आते, सवाल पूछते. मेरे कू डॉक्टर के सवालां के जवाब नै आते, उनकू क्या बोलूं?"

चाचांचं हसू आलं. बाकीच्यांचा संताप आला. मेल्यानंतरचा बंदोबस्त प्रत्येकाकडे होता. हा जगेल, असं एकाच्याही तोंडून निघेना.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सिस्टर बजावून गेल्या, अंगावर काही ठेवायचं नाही. अण्णा पांढराफटक. इष्टलिंग अंगावेगळं झालं आणि तसाच गेलास तर शिवाकडं कसा पोचणार, म्हणाला. मी वर्षानुवर्षं पूजेला टांग मारलेला माणूस, पण घाबरलो की माझ्याइतका कट्टर कोणी नाही. सकाळी कपडे बदलताना ते गळ्यातल्या चांदीच्या डबीतून काढलं आणि गालात दाबलं. सुपारीएवढं तर असतं, कोण बघतंय?

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बघितलं. "आ करा," म्हणाल्या.

सर्जन म्हणाले, "घशात नळी घालताना हे श्वासनलिकेत गेलं असतं. मग हृदय दुरुस्त करून मी कुणाला देणार होतो?"

माझं ब्लड प्रेशर असं चढलं की ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. वॉर्डात परत आलो तर अण्णा म्हणतो, "देव उष्टा केलास की रे मल्लू."

"मी मेलो आसतो, अण्णा. त्याचं काय?"

"म्हणून तर तोंडात न्हाय, हातात पायजे हुतं."

एवढ्यावर थांबला नाही. हा अपशकुन आहे, ऑपरेशन नको, घरी चल, म्हणून पिशवी भरायला लागला. आणि लाज अशी की मी चपला शोधू लागलो.

माझी बायको महादेवी उठली. तिनं माझं इष्टलिंग धुऊन डबीत ठेवलं आणि स्वतःच्या इष्टलिंगाशेजारी आपल्या गळ्यात घातलं.

"ह्यांचा देव मी भाईर सांभाळती. ह्यांनी आत जाऊन यावं. आनि भावजी, खड्ड्याचं बोलायचं आसंल तर कँटीनला जाऊन बोला."

मी खाटेवर जाऊन पडलो.

तुमच्यावर ही वेळ आली तर डॉक्टरांपासून काही लपवू नका, देवसुद्धा. आणि कुणाला भेटायला गेलात तर तो पुढं कुठं जाणार ते सांगू नका. महादेवीचे आभार मी अजून मानलेले नाहीत. मानले तर म्हणेल, आधी गोळी घ्या.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आलो तेव्हा घशात नळी होती, बोलता येत नव्हतं. काचेपलीकडे अण्णा उभा होता, टोपी तोंडावर दाबून हुंदके देत. मला त्याचा असा राग आला की मॉनिटर वाजायला लागला. हेच रडणं खाटेपाशी बसून रडला असता तर मला कळलं असतं की, ह्याला मी शिवापाशी नाही, इथंच हवा आहे.