कादंबरीची समाप्ती

पिंपरीला कंपनीच्या कॉलनीत आम्ही नवीन होतो. नवरा शिफ्टला गेला की दुपारभर घरात मी आणि निघोज्याहून आलेल्या सासूबाई. त्यांना वाचता येत नसे, म्हणून वाचनालयातून आणलेली एक कादंबरी मी त्यांच्यासाठी मोठ्याने वाचायला घेतली.

त्यांच्या लेखी पुस्तक म्हणजे पोथी. पहिल्याच दिवशी त्यांनी कादंबरीला हळदकुंकू वाहिलं आणि डोक्यावर पदर घेऊन ऐकायला बसल्या.

आठवड्याभरात मी वैतागले. नायिका दर प्रकरणात खिडकीशी उभी राहून उसासे टाकायची. तिला भांडी घासायला बसवावं असं वाटायचं. पुस्तक परत करते म्हटलं, तर सासूबाई गंभीर झाल्या. "अर्ध्यात सोडू न्हाई. समाप्ती कराया पायजे."

दातओठ खात मी ती संपवली. त्यांनी नारळ फोडला, शेजारच्या मोटार मेकॅनिकच्या बायकोलाही खोबरं दिलं.

"आत्याबाई, आवडली का?" मी विचारलं.

"न्हाई बाई. ती पोरगी पयल्या दिसापासनं डोक्यात गेल्याली."

"मग परत करत होते तेव्हा अडवलंत कशाला?"

"आवडायचा काय संबंध?" त्या शांतपणे खोबरं चावत म्हणाल्या.

मला काही कळेना. दुसऱ्या दुपारी त्या पुन्हा पदर घेऊन बसल्या. मी चरफडत वाचनालयात गेले आणि, का ते अजून उमगलेलं नाही, पहिलीपेक्षा जाड कादंबरी घेऊन आले.